घर विकण्याआधी आठ दिवसांची वही

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेलं पत्र, नाव गाळून आणि थोडं लहान करून:

“डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही एका बोळात राहतो. घर स्वतःचं आहे, दोन खोल्या, वर पत्रा. भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना. मिस्टर दुसऱ्या कारखान्यात माग चालवतात, अत्तम्मा (सासूबाई) घरीच विड्या करतात. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याची छाती वाजते, रात्री खोकून खोकून उलटी होते. डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. अत्तम्मा म्हणतात, पंपाची सवय लागते, म्हणून त्रास झाला तरच देतो. त्यांनाही रोज सकाळी खोकला असतो, पण तो वयाचा म्हणतात. दिवाळीत दहा दिवस माहेरी मंगळवेढ्याला होते. तिथं एकदाही पंप लागला नाही. परत आलो आणि तिसऱ्या रात्री पुन्हा सुरू. आता मिस्टर म्हणतात, घर विकून जुळे सोलापूरला भाड्यानं जाऊ. अत्तम्मा म्हणतात, माझी माणसं इथं, माझा विडी कारखाना इथं, मी येणार नाही. बोळातल्या बायका म्हणतात, आमची पण पोरं इथंच वाढली. मला रात्रीची झोप नाही. माझं काही चुकलं का? घर सोडावं का?”

प्रिय ताई,

‘माझं काही चुकलं का’ याचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे. नाही, तुमचं काहीही चुकलेलं नाही. दम्याची प्रवृत्ती मूल अंगात घेऊनच येतं. ती कधी आणि किती जागी होते, हे त्याच्या श्वासाला रोज काय लागतं त्यावर ठरतं. बोळातली हवा तुम्ही बिघडवलेली नाही. रात्री दोन वाजता लेकराला मांडीवर ताठ बसवून त्याची पाठ चोळणाऱ्या बाईनं स्वतःला दोष देत बसू नये.

घराचं मात्र आज ठरवू नका. विकलेलं घर परत मिळत नाही, आणि तुमच्या मुलाला नेमकं काय लागतंय हे अजून तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. ते तुमच्याबरोबर जुळे सोलापूरला आलं तर? अत्तम्मांचं विड्या वळायचं सूप, मिस्टरांचे कामावरचे कपडे, संध्याकाळची डासांची कॉइल, हे सगळं टेम्पोत चढून तुमच्या मागोमाग येऊ शकतं.

पण पंपाचं आजच बघा. दम्याचे पंप मुख्यतः दोन कामांचे असतात. एक आखडलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, तो त्रास झाला की घ्यायचा. दुसरा नळ्यांच्या आतली सूज हळूहळू उतरवतो. तो डॉक्टरांनी सांगितलेले दिवस रोज घ्यायचा असतो, मूल हसत-खेळत असलं तरी. डॉक्टरांची चिठ्ठी काढून बघा. तुम्हाला रोजचा पंप लिहून दिला असेल आणि तुम्ही तो फक्त त्रासाच्या वेळी देत असाल, तर उपचार अजून सुरूच झालेला नाही असं समजा आणि या आठवड्यात त्यांना पुन्हा भेटा. अत्तम्मांना असं सांगा: नळ्या उघडणाऱ्या सल्बुटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच औषध २ मिलिग्रॅमच्या गोळीतून दिलं तर वीसपट जातं, तेही आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगात. पंप थोडंसं औषध जिथं हवं तिथंच नेतो. त्याची सवय लागत नाही. एवढ्या लहान मुलाला तो नुसता तोंडात धरून देऊ नका, स्पेसरची नळकांडी आणि मास्क लावूनच द्या, नाहीतर निम्म्याहून जास्त औषध जिभेवर आणि टाळूवर बसतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, तोंड पुसा.

पुढचं एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा. मूल शांत झोपलेलं असताना, घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट त्याची छाती किती वेळा वर येते ते मोजायचं. या वयाला ४० किंवा त्याहून जास्त भरली तर धाप आहे. श्वासाबरोबर बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाणं, एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर होणं, पंप देऊनही उतार न पडणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या रिक्षानं सरकारी रुग्णालय गाठा. सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

आता मंगळवेढा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तीच. ऐन दिवाळीत, फटाक्यांच्या दिवसांत, दहा दिवस पंप लागला नाही आणि परतल्यावर तिसऱ्या रात्री छाती वाजली. म्हणजे जागेचा संबंध आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण मंगळवेढ्यात फक्त शेजारचा कारखानाच नव्हता असं थोडंच आहे? तिथं पोराच्या उशाशी तंबाखू नव्हती. पहाटे खिडकीखाली बंब पेटत नव्हता. कामावरून आलेले बाबा तसेच त्याला कडेवर घेत नव्हते. गादी वेगळी, उशी वेगळी. ज्याला आपण ‘बोळ’ म्हणतो त्यात या पाच-सहा गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. मंगळवेढ्यानं एवढंच सांगितलं की उत्तर तुमच्या घरात किंवा बोळात आहे. यातली कोणती गोष्ट, ते आपल्याला शोधायचंय.

त्यासाठी मी आयांना तीन ताटल्या ठेवायला सांगते. पांढऱ्या, चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या. बोटानं खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. एक कारखान्याकडच्या खिडकीत, एक मूल झोपतं तिथं उशीशेजारी जमिनीवर, एक मोरीकडच्या दाराशी. एक दिवस, एक रात्र तशाच ठेवायच्या.

गेल्या हिवाळ्यात एक आजी अशा तीन ताटल्या फडक्यात बांधून माझ्याकडं घेऊन आल्या. टेबलावर एकेक उघडून ठेवली. खिडकीतल्या ताटलीत बारीक तूस होतं, पांढरं, आणि मध्येमध्ये गुलाबी आणि निळे धागे, कारखान्यात त्या आठवड्यात जो माल चालला होता त्याच रंगाचे. उशाजवळच्या ताटलीत तपकिरी भुकटी होती. बोटावर घेऊन चोळली तर तंबाखूचा वास आला. मोरीजवळची ताटली काळ्या ठिपक्यांनी भरली होती, बोट फिरवलं की ठिपके काजळासारखे पसरत होते. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे पोरगं तीन घरचं खातंय.”

यात एक समजून घ्या. डोळ्याला दिसणारा कण सहसा नाकात, घशात अडकतो. फुप्फुसाच्या तळाशी जातात ते अडीच मायक्रोनहून बारीक कण, आणि आपला एक केसच पन्नास ते सत्तर मायक्रोन जाड असतो. ते कण ताटलीत दिसणार नाहीत. पण जिथून काळं येतं तिथून न दिसणारं काळंही येतं, म्हणून ताटली दिशा दाखवते. मोजमाप म्हणून तिच्याकडं बघू नका.

ताटलीबरोबर आठ दिवस एक वही ठेवा. शाळेची जुनी वही चालेल. डाव्या पानावर मुलाचं: किती वाजता खोकला, किती वाजता छाती वाजली, रात्री किती वेळा उठला, पंप कधी दिला. उजव्या पानावर त्याच वेळी भोवती काय चाललं होतं ते: बंब पेटला, झाडू मारला, अत्तम्मांनी तंबाखू चाळली, कारखान्यात पाळी बदलली, कोपऱ्यावर कचरा पेटवला, कूलर लावला, कॉइल लावली. इतक्या लहान मुलाला फुंकर मारायची स्पायरोमेट्रीची तपासणी नीट जमत नाही, ती साधारण पाच-सहा वर्षांनंतर. म्हणून त्याच्या डॉक्टरला तुमच्या वहीइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही.

वहीत काय सापडेल ते आधीच सांगता येणार नाही. पण पूर्व भागातल्या बोळांमध्ये इतकी वर्षं जे बघत आले, त्यावरून कुठं कुठं नजर ठेवायची ते सांगते.

पहिला कारखाना. आपल्या गावात १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून कापूस आणि खोकला बरोबरच आले. पण गिरणीचा धूर उंच चिमणीतून वर तरी जायचा. गिरण्या बंद पडल्या, माग बोळाबोळांत आले आणि तूस आपल्या खिडकीच्या उंचीवर उतरलं. दिवसभराच्या खडखडाटापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती पाळी बदलतानाच्या दहा-पंधरा मिनिटांची. त्या वेळी मागावर बसलेलं तूस उडवायला कॉम्प्रेसरनं हवा मारतात. दार उघडं, खिडकी उघडी, आणि दिवसभराचा सगळा कचरा एका झटक्यात बोळात येतो. वहीत पाळीच्या वेळेनंतर खोकला दिसला तर खिडकी दिवसभर बंद ठेवायची गरज नाही. तेवढा वेळ आणि पुढचा अर्धा तास बंद ठेवा. एरवी दुपारी उघडी ठेवा. उन्हानं जमीन तापली की हवा वर सरकते आणि घाण पांगते. हिवाळ्यात पहाटे आणि रात्री उलट होतं. गार हवा खाली बसते आणि धूर तिच्यातच कोंडून राहतो. पोराचा खोकला रात्री आणि पहाटे वाढतो त्याला दम्याची स्वतःची कारणं आहेतच, पण बोळातली हवाही त्याच वेळी सगळ्यात जड असते.

तुमच्याकडं कूलर असेल आणि तो कारखान्याकडच्या खिडकीत बसवला असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच उठा आणि तो दुसऱ्या बाजूला न्या. कूलर बाहेरची हवा ओढूनच चालतो. उन्हाळाभर तो त्या खिडकीतून तूस खेचून थेट अंथरुणावर फेकत असतो. त्याच्या आतलं गवत ओलं राहून बुरशी धरतं, तो वास ओळखीचा असेल. गवत दर हंगामाला बदला, पाणी दर आठवड्याला पूर्ण उपसून टाकी घासा.

दुसरं, विडी. इथं मला जपून बोलायचंय, कारण अत्तम्मांच्या हातांनी तुमचं घर उभं राहिलंय. पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं तसंच आहे. विड्या बंद करा असं मी म्हणणार नाही. जागा बदला, एवढंच. मूल झोपतं त्या खोलीत तंबाखू चाळायची नाही, मळायची नाही, तिची पिशवी रात्री तिथं ठेवायची नाही. तयार विड्यांचे कट्टेही दुसऱ्या खोलीत. काम ओसरीवर किंवा दाराबाहेर, वारा घरातून बाहेर वाहतो अशा बाजूला. भिजवलेली पानं ज्या गोणपाटात गुंडाळता ते रोज उन्हात टाका, ओलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं की बुरशी येते. काम संपलं की झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आपल्याकडं पाणी रोज येत नाही हे मला माहीत आहे, पण यासाठी अर्धी बादली पुरते, आणि तेच पाणी नंतर दारातल्या धुळीवर शिंपडता येतं. नातवाला मांडीवर घेण्याआधी हात धुवा आणि साडी बदला. अत्तम्मांना हे सुनेच्या तोंडून ऐकायला जड जाईल. नातवाची उशाजवळची ताटली त्यांनाच उचलायला सांगा. बाकी काही बोलू नका.

आणि त्यांचा सकाळचा खोकला. दोन आठवड्यांहून जास्त चाललेला कुठलाही खोकला ‘वयाचा’ नसतो. जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. क्षय निघाला तर औषधंही फुकट मिळतात, आणि मग मुलाचीही तपासणी लगेच करावी लागते. क्षय नसला तर तंबाखूच्या धुळीनं वर्षानुवर्षं चिडलेल्या नळ्या असतील, त्यालाही उपचार आहे. तुमच्या पत्रात त्यांचा खोकला एका ओळीत आला. माझ्यासाठी तो मुलाच्या खोकल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आता मिस्टरांबद्दल. माझे वडील एका गिरणीत कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते अगदी ठणठणीत असायचे, आम्हाला सिद्धेश्वर तलावावर फिरायला न्यायचे. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच संध्याकाळी घरी यायचे ते छातीवर हात ठेवून. जिना चढताना दोनदा थांबायचे. त्यांना वर्षानुवर्षं खोकल्याची बाटली दिली गेली, आणि कामाच्या पहिल्या दिवशीच असं का होतं, हे ना गिरणीतल्या कोणी विचारलं, ना औषध देणाऱ्यानं. पुढं मेडिकलला गेल्यावर एका पानावर मला माझ्या वडिलांचं वर्णन सापडलं. त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीनं होतो, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूण. विणकामापेक्षा पिंजण्याच्या खात्यात तो जास्त होतो, आणि कायद्यानं त्याला कामाचा आजार म्हणून मान्यता आहे. मी ते पान वाचलं तेव्हा वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणून मिस्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड होते का? उत्तर हो असेल तर डॉक्टरांकडं जाताना आजार सांगण्याआधी धंदा सांगा, आणि स्पायरोमेट्री करून मागा. त्यांच्या वयात ती व्यवस्थित होते. हवा मारताना त्यांनी एन-९५ मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल मोठं तूस अडवतो, बारीक धूळ नाही. आणि घरी आल्यावर आधी कपडे दाराबाहेर, डोकं धुणं, मग मूल. पोरगं बाबांची वाट बघत दारात उभं असतं, त्याला पाच मिनिटं थांबवणं अवघड जातं, पण थांबवा.

बंबाबद्दल सगळ्या बोळाशी बोलावं लागेल. आपल्याकडं पहाटे बंबात काय जातं ते तुम्हालाही माहीत आहे: कारखान्यातल्या रंगीत चिंध्या, पॉलिस्टरचे धागे, दुधाच्या पिशव्या, कधी सायकलच्या टायरचा तुकडा. लाकडाचा धूर वाईटच, पण रंगवलेल्या कापडाचा आणि प्लास्टिकचा धूर त्याहून फार वाईट. चिंध्या आणि प्लास्टिक बंबातून हद्दपार करा. बंब गच्चीवर नेता आला तर न्या. सोलापूरच्या उन्हात काळ्या रंगाचं पिंप पत्र्यावर ठेवलं तर वर्षातले कितीतरी महिने संध्याकाळच्या अंघोळीला फुकटचं गरम पाणी मिळतं. घाईघाईत बंद मोरीत गॅसचा गिझर मात्र बसवू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत माणूस मारतो, आणि त्याला वासही नसतो.

कॉइलचं दोन ओळींत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत, झोपलेल्या लेकराशेजारी ती नको. मच्छरदाणी लावा. संध्याकाळचा ऊद-धूप देवापुढं थोडा आणि दार उघडं ठेवून.

आता कारखान्याच्या मालकांकडं कसं जायचं. एकट्या जाऊ नका, आणि पहिल्याच दिवशी तक्रार अर्ज घेऊन जाऊ नका. बोळातल्या चार-पाच बायका मिळून जा. ज्या म्हणाल्या ‘आमची पण पोरं इथंच वाढली’, त्यांनाच बरोबर घ्या. नळावर एकदा विचारून बघा, कोणाकोणाच्या घरी पंप आहे, कोणाचं पोर पळताना दमतं. तुम्ही एकट्याच आहात असं वाटत असेल तर आकडा ऐकून धक्का बसेल. मालकाकडं फार काही मागायचं नाही. हवा मारताना बोळाकडचं दार आणि शटर बंद ठेवा, खिडकीला ओल्या गोणपाटाचा पडदा लावा, एक्झॉस्टचं तोंड आमच्या खिडकीसमोरून काढून पत्र्याच्या वर न्या. मालकाचे कामगार तीच हवा घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी मालकाचं कुटुंबही वरच्याच मजल्यावर राहतं. मी पाहिलंय, ताटली घेऊन गेलेल्या बायकांना लोक ऐकून घेतात. नाही ऐकलं तर मग लेखी अर्ज, तारीख-वेळ-फोटो लावून, सगळ्यांच्या सह्यांनिशी, महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. पोच घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही.

कोपऱ्यावरचा कचरा जाळण्याबद्दल तर कायदा स्पष्ट आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला. पण मला प्रामाणिकपणे वाटतं की बोळातल्या ढिगाला काडी लावणारा बहुतेक वेळा घंटागाडी न आल्यानं कंटाळलेला असतो. म्हणून घंटागाडीच्या खाड्यांच्या तारखाही त्याच वहीत लिहा आणि अर्जाबरोबर जोडा.

केंद्र सरकारनं जानेवारी २०१९ मध्ये स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं सोलापूर आहे. त्या अडीच मायक्रोनच्या कणांची आपल्या देशातली दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. मोबाइलवर ‘समीर’ ॲपमध्ये शहराचा आकडा बघता येतो. जरूर बघा, पण तो यंत्राच्या जागेचा आकडा आहे, तुमच्या खिडकीचा नाही. तो चांगला दिसला म्हणून पोराचा खोकला खोटा ठरत नाही.

‘आमची पण पोरं इथंच वाढली’ याला माझं उत्तर असं आहे. फुप्फुसांची वाढ विशीपर्यंत चालते, आणि ती थोडी कमी झाली तर लहानपणी कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली. मोठ्या महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची फुप्फुसं दूरच्या मुलांपेक्षा कमी वाढलेली आढळली. पण त्याच संशोधकांनी २०१५ मध्ये पुढची गोष्ट मांडली, आणि मला ती जास्त जवळची वाटते: त्याच गावांमधली हवा सुधारली तसतशी पुढच्या वर्षांतल्या मुलांची फुप्फुसं जास्त चांगली वाढली. त्या मुलांनी गाव सोडलं नव्हतं.

एवढं सगळं करूनही घर सोडावं लागलं तर? लागू शकतं. रोजचा पंप नीट सुरू करून, वरच्या गोष्टी बदलून तीन महिने द्या. तीन महिन्यांनीही रात्री मोडत असतील आणि वहीत दर वेळी बोट कारखान्याकडंच जात असेल, मालक ऐकत नसेल, तर जा, आणि जाताना मन खाऊ देऊ नका. पण तेव्हाही घर विकू नका, भाड्यानं द्या. नवी खोली फक्त भाग बघून घेऊ नका. जुळे सोलापुरातही मोठ्या रस्त्याच्या कडेला, हॉटेलच्या भट्टीच्या वर, बांधकामाच्या शेजारी किंवा ओल धरलेल्या भिंतींची खोली मिळाली, तर पैसे जाऊन खोकला तोच राहील. खोली दुपारी दाखवतात. तुम्ही पहाटे सहाला आणि रात्री आठला जाऊन पाच मिनिटं खिडकीत उभ्या राहा. भिंतीला हात लावून ओल बघा. जमलं तर आधी मुलाला तिथं चार रात्री झोपवून बघा, कोणी ओळखीचं असेल तर.

अत्तम्मा येणार नाहीत म्हणतात, ते मी हट्ट म्हणून वाचलं नाही. नातवाला रात्री सांभाळणारी, तुम्हाला अर्धा तास डोळा लागू देणारी तीच एक माणूस तुमच्या घरात आहे. तिला मागं ठेवून गेलात तर तुमच्या रात्री आणखी लांबतील, हेही हिशोबात धरा.

पुढच्या आठवड्यात मुलाच्या डॉक्टरांकडं जाताना एका पिशवीत पंप, स्पेसर आणि वही घाला. पंप कसा देता ते त्यांच्यासमोर देऊन दाखवा, नुसतं सांगू नका. तिन्ही ताटल्यांचे फोटो मला पाठवा, कुठली कुठं ठेवली होती ते खाली लिहून. अत्तम्मांच्या थुंकीच्या तपासणीचं काय झालं, तेही त्याच पत्रात कळवा.